सातबाऱ्याचा सात डिसेंबर

एक्सेलच्या मते सातबारा हा उतारा नाही, तारीख आहे. रिकाम्या चौकटीत ७/१२ टाइप करून एंटर मारा, तिथं सात डिसेंबर उगवतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर बारा जुलै. म्हणजे अकोट तालुक्यातलं एखादं वावर खरिपात आहे की रब्बीत, हे आता पावसावर नाही, कंट्रोल पॅनलवर ठरतं. गाव नमुना सात मालकी सांगतो, गाव नमुना बारा पीक सांगतो. या दोघांची एका कागदावर सोयरीक जुळवणाऱ्या महसूल खात्याला जे सुचलं नव्हतं ते एक्सेलनं केलं, दोघांचा मुहूर्त काढला.

बरं, तारीख दिसते तीही वरवर. चौकटीचं फॉर्मॅट ‘जनरल’ केलं की खालून ४५९९८ निघतो. हा २०२५ साली टाइप केलेल्या सातबाऱ्याचा भाव. दुसऱ्या वर्षी टाइप केला तर ३६५ नं वाढतो; इतक्या नेमानं आमच्या भागात कापसाचा भावही कधी वाढला नाही. हे म्हणे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. त्यातही एक दिवस खोटा आहे, २९ फेब्रुवारी १९००. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तो दिवस कधी उजाडलाच नाही. पण लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रॅमनं तो धरला होता आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक जशीच्या तशी पुढं चालवली. वारसाची नोंद लागावी तशी चूक लागली, तीही तलाठ्याकडे खेटे न घालता.

गट नंबर १४/२ असेल तर तो १४ फेब्रुवारी होतो. दोन भाऊ धुऱ्याच्या वादावरून वर्षानुवर्षं तारखांना जातायत आणि एक्सेलमध्ये त्यांच्या गटाला प्रेमिकांचा दिवस लागलाय! असल्या प्रकारापुढं जगभरच्या शास्त्रज्ञांनीही हात टेकले. माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावं ‘मार्च१’ वगैरे होती, ती एक्सेल हटकून एक मार्च करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती नावंच बदलली. ही सवय बंद करण्याची सोय एक्सेलनं दिली ती २०२३ मध्ये. म्हणजे आधी माणसाची जनुकं सरकली, मग सॉफ्टवेअर.

हे सगळं मला कळायचं कारण आमचा पुतण्या. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दिवाळीला घरी आला की दोन दिवस झोपतो, तिसऱ्या दिवशी सुधारणा सुरू करतो. यंदा त्यानं दादांची शेती हाती घेतली. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, त्याचे मोठेबाबा. पोपटखेडच्या रस्त्याला त्यांचं वावर.

“मोठेबाबा, तुमचं सगळं वावर, पीक, खर्च, मी एका ॲपमध्ये आणतो.”

“आन बाप्पा. पन वावर जागच्या जागी राहू दे.”

त्याला वाटलं, मोठेबाबा गंमत करतायत.

पुतण्यानं मला प्रकार समजावला तो असा. फोनवर जे दिसतं ते जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत चालतं. मागं हिशेब ठेवतो तो पायथन. पलीकडं बँकेसारखं कोणी असलं तर तिथं बहुतेक जावा. या तिघांचं एकमेकांशी थेट बोलणं नाही. मध्ये चिठ्ठी जाते, तिला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या गृहस्थांनी या शतकाच्या सुरुवातीला ती रूढ केली आणि आज निम्मं जग त्या चिठ्ठीवर चालतं. चिठ्ठीत अक्षरं अवतरणचिन्हात लिहायची आणि आकडे उघडे. आकड्यासाठी प्रकार एकच. पूर्णांक आहे की अपूर्णांक, पैशाचा आहे की वजनाचा, किती मोठा मानायचा, यातलं चिठ्ठी काही बोलत नाही. त्या चिठ्ठीचं जे २०१७ चं प्रमाणपुस्तक आहे, आरएफसी ८२५९, तेही आकड्याच्या मर्यादा ठरवायचं काम वाचणाऱ्यावर सोपवून मोकळं होतं. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं घ्यावं. लग्नाच्या पंगतीत हे ठीक आहे.

पहिला फटका दुपारीच बसला. दादांच्या एका गटाचं क्षेत्र एक हेक्टर वीस आर. पुतण्यानं १.२० लिहिलं. जावास्क्रिप्टनं ते चिठ्ठीत घालताना शेवटचं शून्य बिनकामाचं म्हणून गाळलं, आणि पडद्यावर आलं १.२. दादांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“एक हेक्टर दोन आर. बाकीचे अठरा आर कोनं नेले बे?”

“मोठेबाबा, एक पूर्णांक दोन आणि एक पूर्णांक वीस एकच असतं.”

“शाळेत असन. तलाठ्यापाशी नाही.”

आणि दादांचं बरोबर होतं, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. अठरा आर म्हणजे जवळपास अठरा गुंठे, अर्ध्या एकराला दोन-सव्वादोन गुंठे कमी. एवढ्यावरून आमच्याकडं लोक वकील बघायला अकोल्याची गाडी धरतात. उताऱ्यावर क्षेत्र लिहितात हेक्टर, आर, चौरस मीटर असं, मध्ये टिंबं देऊन: १.२०.००. ती दशांशचिन्हं नाहीत, धुरे आहेत. दोन टिंबांची संख्या जगातली कुठलीही संगणकभाषा संख्या म्हणून ओळखत नाही. एक टिंब काढून टाकलं की मात्र सगळ्या भाषा ओळख दाखवतात, आणि तिथून घोटाळा सुरू होतो.

पायथनचं आणखी वेगळं. त्याला ५ आणि ५.० या दोन निरनिराळ्या चिजा वाटतात. तो स्वतः पाठवतो तेव्हा ५.० ला ५.० असंच लिहितो, आणि जावास्क्रिप्टकडून होऊन आलं की तेच ५ होऊन परततं. दादांनी सव्वापाच क्विंटल सोयाबीन विकलं की तो अपूर्णांक, बरोबर पाच विकलं की पूर्णांक. एकच रकाना, एकच सोयाबीन, एकच काटा. पुढं कोणी कडक स्वभावाचा प्रोग्रॅम बसलेला असला की तो पाचाच्या पट्टीला म्हणतो, हा माझ्या घरचा नव्हे.

पण मला सगळ्यात आवडला तो एसटीडी कोडचा मामला, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. कारण त्यात अकोल्याला एक न्याय आणि अकोटाला दुसरा, ही आमची जुनी तक्रार संगणकानं प्रथमच मान्य केली.

अकोल्याचा कोड ०७२४. अकोटाचा ०७२५८. दादांकडं अजून लँडलाइनचे नंबर वहीत लिहिलेले आहेत आणि पुतण्यानं उत्साहानं तेही भरले. आता एक्सेल काय करतं, पुढचं शून्य काढून टाकतं. ७२४ आणि ७२५८. इथवर समान वागणूक. जेसन म्हणतो, शून्यानं सुरू होणारी संख्या मला चालत नाही, दोघंही बाहेर. हीही समान वागणूक. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅममध्येही असं काही लिहिलं तर ती दोघांवर डोळे वटारते. पण जुन्या वळणाचं जावास्क्रिप्ट घ्या. सी भाषेत आकडा शून्यानं सुरू झाला की तो आठाच्या हिशेबातला समजायचा, अशी बेल लॅब्जमधून आलेली रीत आहे. त्या हिशेबात एकं, दहं, शतं नसतं. एक, आठ, चौसष्ट असतं. ०७२४ म्हणजे सात चौसष्टं चारशे अठ्ठेचाळीस, दोन आठे सोळा आणि वर चार. अकोला झालं ४६८.

आणि अकोट? अकोटाच्या शेवटी ८ आहे. आठाच्या हिशेबात आठ हा आकडाच नसतो, सातावर गाडी संपते. मग जावास्क्रिप्ट काय म्हणतं, हे आठाचं प्रकरण दिसत नाही, साधाच आकडा असेल, आणि ७२५८ धरून पुढं जातं. एकाच ओळीत, एकाच स्वल्पविरामाच्या अलीकडं-पलीकडं, जिल्हा आठाच्या पाढ्यात आणि तालुका दहाच्या. सी भाषेला मात्र हे खपत नाही. अकोट दिसलं की ती कामच थांबवते. २००९ मध्ये जावास्क्रिप्टनंही ‘कडक शिस्त’ नावाचा पर्याय काढून असल्या शून्यांना बंदी केली, पण कडक शिस्त ज्याला हवी त्यानं मागून घ्यायची असते.

तिसरा एक प्रकार आहे, यॅमल. सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली त्यात लिहितात. पायथनमध्ये यॅमल वाचायचं जे नेहमीचं साधन आहे, त्यानं अकोल्याचा कोड वाचला: ४६८, संख्या. अकोटाचा वाचला: ‘०७२५८’, मजकूर, शून्यासकट, जसा लिहिला तसा. म्हणजे अख्ख्या या तमाशात अकोटाचा नंबर एका ठिकाणी तरी धड पोचला, आणि तो त्यातल्या आठामुळं. दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अकोल्यानं आजवर आपलं पानी, पैसा सगळं अडवलं. एक आठ तेवढा राह्यला होता आपल्यापाशी.”

स्वल्पविरामाचंही ऐकून घ्या. आपण सव्वा लाख १,२५,००० असं लिहितो. जावास्क्रिप्टच्या एका फंक्शनला हे वाचायला दिलं तर ते डावीकडून सुरू करतं, एक वाचतं, स्वल्पविराम दिसला की थांबतं आणि समाधानानं सांगतं: एक. तक्रार नाही, लाल रेघ नाही. सव्वा लाखाचा एक रुपया करून मोकळं. त्याच भाषेतलं दुसरं फंक्शन तोच मजकूर पाहून म्हणतं, ही संख्याच नव्हे. पायथन आणि जावा सरळ भांडतात. यात भांडणारा बरा, असं माझं मत आहे. अडत्यापाशीही जो पट्टी हातात आल्या आल्या ओरडतो त्याचे पैसे वाचतात. जो घरी जाऊन बघतो तो बसतो.

मराठी आकड्यांच्या बाबतीत मात्र उलटंच निघालं. मी पुतण्याला सहज म्हटलं, आपल्या देवनागरीत १२३ लिहून दे बरं त्यांना. त्याला वाटलं कोणीच घेणार नाही. पायथननं ते मुकाट एकशे तेवीस म्हणून घेतलं. जावानंही घेतलं. जावास्क्रिप्टनं मान हलवली. जी भाषा सव्वा लाखाचा एक रुपया बिनदिक्कत करते, तिला आपला १२३ म्हणजे गिचमीड. पुतण्या थक्क झाला, आणि मला उगाचच मराठी शाळेत शिकल्याचा अभिमान वाटला.

मोठ्या आकड्यांकडं आलो तेव्हा हसू जरा कमी झालं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधरा आकडे खरे ठेवतं, सोळाव्यापासून पुढं शून्यं घालतं. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा-सतरा आकडी असतात. दोन भावांनी एकाच दिवशी लागोपाठ खाती काढली असतील आणि फरक फक्त शेवटच्या आकड्यात असेल, तर एक्सेल दोघांच्याही शेवटी शून्य लावून त्यांना एका खात्यात आणतं. वाटणी झालेलं घर पुन्हा एकत्र कुटुंब. जावास्क्रिप्टची हद्द थोडी पुढं आहे, ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत. त्याच्या पलीकडं ते जवळपासचा आकडा देतं, जसा बसस्टँडवर ‘अकोट का?’ विचारलं की कंडक्टर ‘तिकडंच जाते’ म्हणतो. ट्विटरनं २०१० मध्ये आपल्या संदेशांचे क्रमांक वाढवले तेव्हा हीच अडचण आली, आणि त्यांनी प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा आकडा म्हणून, एकदा मजकूर म्हणून. पहिल्यावर विसंबू नका, दुसरा घ्या.

आधारचे बाराच आकडे, त्यामुळं ते हद्दीत बसतात. तो क्रमांक ० किंवा १ नं सुरू होत नाही, म्हणून शून्य गळायचीही भीती नाही. ठरवणाऱ्यानं दूरचं पाहिलं होतं. पण एक्सेलची चौकट बारा आकडे पाहून बुजते आणि २.३४५६८ई+११ असं काहीतरी दाखवते. तशीच ती फाइल सीएसव्ही म्हणून जतन करून पुन्हा उघडली की शेवटचे सहा आकडे शून्य. २०१७ ची कर्जमाफी आठवते का? छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत. बँकांकडून शेतकऱ्यांची ६६ रकान्यांची माहिती मागवली होती, आणि याद्या जुळता जुळेनात. कुठल्या रकान्यात काय बिघडलं ते ज्याचं त्याला माहीत. पण ६६ रकाने, त्यात आधार, खाते क्रमांक, गट, क्षेत्र, रक्कम, आणि ते भरणारी निरनिराळ्या बँकांची निरनिराळी सॉफ्टवेअरं, एवढं ऐकूनच पुतण्यानं कानाला हात लावला. तोवर तो आम्हाला सरकारी कारभारावर ऐकवत होता.

मग बाजारात हे कसं निभतं, असा मला प्रश्न पडला. अकोटच्या बाजारात कापूस क्विंटलनं जातो. जिनिंगमधून रुई निघाली की तिचा भाव खंडीवर, खंडी म्हणजे ३५६ किलो. बांधली की गठाण, १७० किलोची. त्यात सरकी वेगळी. फोनवर कोणी नुसतं ‘साडेसात’ म्हटलं तर तो क्विंटलचा कापूस आणि ‘पंचावन्न’ म्हटलं तर ती खंडीची रुई, आणि दोन्हींच्या पुढं हजार आहे, हे दलालाला सांगावं लागत नाही. एकक बोललं जात नाही, कारण ते दोन्हीकडच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. चिठ्ठी तेवढीच त्रोटक, पण नेणारा त्या धंद्यातला. जेसनला दलाल नाही. चिठ्ठी उघडणारा दर वेळी नवखा, आणि नवख्याला साजेशा आत्मविश्वासानं भरलेला.

हा आत्मविश्वास किती महाग पडतो ते युरोपच्या आरियान ५ रॉकेटाला विचारा. ४ जून १९९६ ला ते फ्रेंच गयानातून पहिल्यांदा उडालं. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा मोठ्या डब्यातून लहान डब्यात ओतताना मावला नाही. सोळा बिटांच्या त्या डब्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. प्रोग्रॅम आधीच्या आरियान ४ चा होता, ते बिचारं सावकाश उडायचं, त्याला पुरायचं. नवं रॉकेट चाळीस सेकंदांच्या आत वाट सोडून आकाशात फुटलं. ३२,७६७! २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावानं लांब धाग्याच्या चार क्विंटल कापसाची पट्टी त्या डब्यात जेमतेम बसली असती, सव्वाचारची बसली नसती. आणि हे लोक त्यात रॉकेट घालत होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं उपाय काढला. सगळे आकडे अवतरणचिन्हात. चिठ्ठीत आकडा म्हणून काही पाठवायचंच नाही, सगळा मजकूर. मजकुराला कोणी हात लावत नाही. शून्य गळत नाही, तारीख होत नाही, अकोला ४६८ होत नाही. खरोखरच तसं झालं. १.२० हे १.२० राहिलं. दादांनी शांतपणे चहा घेतला. सातबारा सातबारा राहिला.

मग दादा म्हणाले, आता दोन्ही वावरांची बेरीज दाखव. एक वावर १.२०, दुसरं ०.८१. माझ्यासारख्या माणसानं बोटांवर केली तरी २.०१ येते. पण जावास्क्रिप्टला दोन मजकूर जोडायला सांगितले की ते बेरीज करत नाही, एकापुढं एक चिकटवतं. पडद्यावर आलं: १.२००.८१.

पुतण्याचा चेहरा पडला. तो घाईघाईनं लॅपटॉप ओढायला लागला, पण दादांनी त्याचा हात धरला. बराच वेळ ते पडद्याकडं पाहत राहिले. त्यांना तो आकडा ओळखीचा वाटत होता: दोन टिंबं, तीन भाग, उताऱ्यावर असतो तसाच. एक हेक्टर, दोनशे आर, एक्याऐंशी चौरस मीटर. दोनशे आर म्हणजे दोन हेक्टर. एकूण तीन हेक्टर आणि वर थोडं.

“बाबू,” ते म्हणाले, “दोनाचं तीन झालं ना वावर?”

“मोठेबाबा, ते चुकलंय, मी लगेच...”

“कायले?” दादा म्हणाले. “राहू दे. याची तेवढी प्रिंट काढ, अन् तलाठ्याची सही कशी घ्याची ते पाह्य.”